एक नग

येझदीच्या डाव्या अंगाला एकच दांडी असते. आत दाबून वर फिरवली की ती किक. इंजिन धरलं की पुढं पाडायची, मग तीच गिअरची दांडी. शिवाय गिअर टाकताना पायाच्या दाबानंच क्लच सुटतो, हात लावला नाही तरी चालतं. आजच्या पोरांपुढं ही गाडी उभी केली तर ती आधी किक शोधतात आणि सापडली की दोन मिनिटं नुसती दांडी वर-खाली करून बघत बसतात. हे डोकं प्रागच्या जावा कंपनीचं. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला तेव्हा ते भारतात आलं, आणि १९७३ पासून गाडीच्या टाकीवर जावाऐवजी येझदी हे नाव लागलं तरी दांडी होती तिथंच राहिली. १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत.

आमच्या घरातली येझदी १९७८ सालची. मामांची. मामा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते आणि दिघीत राहायचे, अजूनही तिथंच राहतात. तेव्हाची दिघी म्हणजे ग्रामपंचायतीचं गाव. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ती आली १९९७ साली. एका बाजूला लष्कराची हद्द, वर दत्तगडाचा डोंगर, खाली आळंदीचा रस्ता, आणि रस्ता सोडला की मुरूमच मुरूम. सुट्टीच्या दिवशी मामा आणि त्यांचे कारखान्यातले दोस्त चऱ्होलीच्या बाजूच्या माळावर गाड्या पळवायचे. कप नाही, पावती नाही, कुणी बघायलाही नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा.

चिखलात पळवायची म्हणून वेगळी मोटारसायकल तेव्हा आपल्याकडं कुणी बनवतच नव्हतं. युरोपात त्या होत्या, आणि गंमत अशी की त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक घराणं येझदीच्याच माहेरचं होतं. चेकोस्लोव्हाकियात जावा आणि सीझेड या सख्ख्या कंपन्या. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४, १९६८ आणि १९६९ साली सीझेडवर २५० सीसीचा मोटोक्रॉस जगज्जेता झाला. पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिख्सनं १९६६ ते १९६८ सलग तीन वर्षं ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, तेही सीझेडवरच. म्हणजे आपल्या इथं जी गाडी शिक्षक, ग्रामसेवक आणि पोस्टमन चालवत होते, तिच्या रक्तात चिखल होता. मामांना ही नावं ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की येझदी खालून ओढते आणि पडली तरी मोडत नाही.

म्हणून त्यांनी तिची शहरी वस्त्रं उतरवली. पुढचा मडगार्ड काढला, मागचा अर्धा कापला. चेनवरचं बंद कव्हर काढून टाकलं. हेडलाइट, हॉर्न, आरसे गेले. दोन सायलेन्सर खाली दोन्ही अंगांना असतात, दगडावर आपटतात, म्हणून वाकवून वर घेतले आणि त्यांना धरायला पट्ट्या टूलरूमच्या उरलेल्या पोलादातून घरी कानशीनं घासून बनवल्या. पुढचं चेन स्प्रॉकेट कमी दात्यांचं बसवलं, त्यानं वेग उतरतो आणि ओढ वाढते. अशी ती गाडी काही वर्षं पळाली. मग लग्न, मुलं, डबल शिफ्ट, पाठदुखी. गाडी जिन्याखाली गेली. जिन्याखाली गेलेली वस्तू आपल्याकडं सहसा तिथून भंगारातच जाते. ही वाचली, कारण मामांनी भंगारवाल्याला दर वेळी एकच उत्तर दिलं, ‘नंतर बघू.’

ती रस्त्यावर आणायचं मी ठरवलं तेव्हा घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. पार्ट मिळतील का, असा होता. प्रश्न रास्त आहे. बंद पडलेल्या कंपनीची गाडी, त्यात फेरफार केलेली. पुण्याच्या नाना पेठेत येझदीचं बरंच काही मिळतं, नवं बनवलेलंही मिळतं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चिकाटीनं फिरलं तर मीटर, लाइटची वाटी, टूलबॉक्सचं झाकण असं हाती लागतं. कुदळवाडीच्या भंगारातही कधी कधी लागायचं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली गोदामं महापालिकेनं पाडली आणि ती वाट बंद झाली. बाजारातलं मिळतं ते मात्र बहुतेक अंगावरचं सामान. इंजिनाच्या पोटातलं, नेमक्या मापाचं, नेमक्या धातूचं काही हवं असेल तर ते बनवूनच घ्यावं लागतं, आणि एकच नग बनवून देणारा माणूस शोधावा लागतो.

असा माणूस शोधायला दिघीसारखी जागा नाही, हे मला या कामात कळलं. ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून ते मुरवत ठेवलं, मग लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके देत पिस्टन सुटला. सिलिंडर उचलला तेव्हा आत एका बाजूला गंजाची खोल रेघ. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील लाकडासारखी कडक झालेली. टू-स्ट्रोकमध्ये हे सील म्हणजे जीव. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये नुसतं ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि पोर्टमधून वर चढतं. म्हणजे खालची पेटी हवाबंद हवी. एका बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन उगाच भडकतं आणि तापून पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर तिथलं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी गल्लीभर धूर करते. पुष्कळ जुन्या टू-स्ट्रोक गाड्या ‘धूर फार मारते’ म्हणून भंगारात गेल्या, त्यातल्या कितीतरींचा दोष एवढ्या एका रबराचा असणार.

सील मिळाली. पिस्टन मिळाला, वरच्या साइजचा. अडलं ते कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यातल्या बुशापाशी. हा बुश गनमेटलचा. पिस्टनची पिन त्यात फिरते. बाजारातला आणला तर तो हातानंच आत सरकत होता, कारण रॉडचा डोळाच कधीतरी ओरबाडून मोठा झाला होता. इंजिन बांधायला घेतलेले मिस्त्री म्हणाले, ‘बाहेरून जास्त मापाचा बनवा, आतून पिनेला मॅच करा. भोसरीत करून देतील.’

भोसरी एमआयडीसी दिघीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या गाळ्यांत काय चालतं हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार मशिनं, बाहेर कूलंटचा वास, दारात चुऱ्याची पोती. आत चाकण आणि पिंपरीच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे भाग हजारांच्या लॉटमध्ये बनत असतात आणि मायक्रॉनवर रिजेक्ट होत असतात. अशा गाळ्यात जाऊन ‘एक बुश करून द्या’ म्हणणं म्हणजे सेटिंग मोडायला सांगणं. एका नगासाठी सेटिंग लावायला जेवढा वेळ तेवढाच हजारांसाठी. हिशेबानं कुणीही नाही म्हणेल, आणि दोघांनी म्हटलंही. त्यात त्यांची चूक नाही.

ज्यांनी हो म्हटलं ते काका लातूरकडचे, साठीचे. त्यांच्याकडं सीएनसी दोन, पण कोपऱ्यात एक जुना हाताचा लेथ आणि बोअरिंगचं मशीन त्यांनी विकलं नव्हतं. ‘गुरुवारी सकाळी या,’ म्हणाले. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी वीजही जाते, ती जायच्या आत आपलं होईल, असा त्यांचा हिशेब. गुरुवारी गाळा शांत होता. काकांनी गनमेटलचा गोल तुकडा चकमध्ये धरला, रॉडचा डोळा तीन ठिकाणी मोजला, तिन्ही मापं वेगळी आली तेव्हा मान हलवली आणि आधी डोळा साफ करून गोल केला. मग बुश. गनमेटलचा चुरा सोनेरी, बारीक, लेथच्या पाटीवर पडत होता. शेवटचा कट घेताना त्यांनी मशिनीकडं पाहिलंच नाही, कानानं ऐकत होते. मायक्रोमीटर लावला तो फक्त खात्रीला.

बोअरही त्यांनीच केला. ६५ मिलिमीटरचा मूळ बोअर, त्याच्या वरच्या साइजला. होनिंग झालं, पिस्टन आत सोडून पाहिला. पिस्टन आणि भिंत यांच्यात जेमतेम माणसाच्या केसाएवढी फट राहायला हवी. कमी राहिली तर तापल्यावर धरेल, जास्त झाली तर खडखडेल. ती बरोबर होती. मला वाटलं, झालं. काकांनी सिलिंडर परत मांडीवर घेतला, खिशातून एक ऑइल स्टोनचा तुकडा काढला आणि पोर्टच्या कडा घासायला बसले. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, हवा यायच्या आणि धूर जायच्या. बोअर केला की या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्यांच्यावरून जाते, थोडी फुगून खिडकीत डोकावते, आणि कड धारदार असली तर तिथं अडकून तुटते. म्हणून प्रत्येक कडेला हातानं बारीक चॅम्फर मारायचा. किती, ते कुठल्या ड्रॉइंगवर नसतं. काका बोट फिरवायचे, घासायचे, पुन्हा बोट. शेवटी माझं बोट धरून आत फिरवलं. ‘लागतंय का?’ लागत नव्हतं. ‘मग चालंल.’

मी त्यांना विचारलं, हे शिकवता का कुणाला. म्हणाले, ‘पोरं प्रोग्राम मारतात. चांगली मारतात. पण हे मागायला कोण येतंय आता?’

भोसरी-चाकणच्या या पट्ट्याकडं लोक आकड्यांनी बघतात. इतके कारखाने, इतक्या गाड्या, इतकी निर्यात. चाकणला बजाजच्या कारखान्यातून केटीएमच्या आडरानात चालणाऱ्या मोटारसायकली बाहेर पडतात, परदेशात जातात, २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सीसीही तिथंच बनते. मला त्याचा अभिमान आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा इथं जोंधळा पिकत होता, आणि साठ वर्षांत इथल्या माणसांनी हे उभं केलं. पण हजारांचा लॉट ज्या जोरावर बिनचूक निघतो, तो जोर आधी एका नगावर कमावलेला असतो. पहिला डाय, पहिलं फिक्स्चर, पहिला नमुना हातानंच बसवावा लागतो. मामांसारखी टूलरूमची माणसं तेच करत होती. जुनी मोटारसायकल दुरुस्त करताना नेमकी हीच विद्या लागते, आणि ती अजून भोसरीच्या गाळ्यांत आहे. साठीला आलेली आहे, पण आहे. आकुर्डीत २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतक बनते. इलेक्ट्रिक गाडीला बोअर नसतो, रिंग नसते, पोर्ट नसतो. हे बरंच आहे, हवेला तर बरंच. पण त्यानंतर ऑइल स्टोनचा तुकडा खिशात बाळगायचं कुणाला कारण उरणार नाही.

इंजिन बांधलं, चाकांच्या आऱ्या ताणून आउट काढला, टाकीत बारीक खडी आणि डिझेल घालून ती हलवून हलवून गंज काढला. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. पहिली किक मामांनी मारली. तिसरी-चौथी की कितवी, ते कुणी मोजलं नाही, पण इंजिन धरलं आणि मिस्त्रींनी लगेच हात वर केला. दिघीवरून लोहगावच्या हवाई तळाची सुखोई चालली होती. तिचा आवाज जाईपर्यंत इंजिनाचं काही ऐकू येणार नव्हतं. आकाश मोकळं झाल्यावर मिस्त्रींनी पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मग थ्रॉटल मामांच्या हाती दिला.

चालणं वेगळं आणि रस्त्यावर येणं वेगळं. रस्त्यावर यायचं तर कायद्यापुढं उभं राहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रूपात फेरफार चालत नाही. म्हणजे मामांनी जे जे उतरवलं होतं ते सगळं परत चढवायचं. हेडलाइट, हॉर्न, मडगार्ड, आरसा, सायलेन्सर जागेवर. २०२१ च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर काढता येते, रोज चालवता येत नाही. आमची अजून पन्नाशीला पोचलेली नाही, आणि पोचली असती तरी मी तो मार्ग घेतला नसता. जी गाडी माळावर वाढली तिला दिवाणखान्यातली शोभा करणं मला पटत नाही. जुन्या गाड्या नव्यासारख्या रंगवून, क्रोम चढवून, कापडाखाली झाकून ठेवणारे लोक मला भेटतात. त्यांचं प्रेम खरं असतं, पण गाडीचं काम पळणं आहे.

म्हणून नेहमीची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी, पाच-पाच वर्षांची. थकलेला पर्यावरण कर, दंड, मोशीच्या आरटीओत पाहणी, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीनं घासलेला ठसा. पीयूसीत धाकधूक होती. २००० सालच्या आधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के. सील नवी, बोअर नवा, तेव्हा गाडी त्यात सहज बसली. यातलं काहीही झालं नसतं, जर मामींनी बिस्किटाच्या डब्यात आरसी बुक जपून ठेवलं नसतं. घड्यांवर फाटलेलं, पण नंबर आणि शिक्का वाचता येण्याजोगं.

मूळ रूप आलं, पण एक गोष्ट मी टाकू दिली नाही. मामांनी कानशीनं घासलेल्या त्या पट्ट्या. सायलेन्सर खाली आले तेव्हा त्या बिनकामाच्या झाल्या. मिस्त्री टाकून देत होते. मी त्या टूलबॉक्समध्ये ठेवल्या. कडेला कानशीच्या तिरक्या रेघा आहेत, एकसारख्या, आणि भोकं इतकी नेमकी की आजही बोल्ट डुलत नाही. घरात, उंबऱ्यावर बसून केलेलं काम आहे ते.

आता माळ कुठं आहे, हा प्रश्न मामांनीच विचारला. चऱ्होलीच्या माळावर इमारती आहेत. आळंदीचा रस्ता रुंद झाला. मॅगझीन चौकातून जाताना दोन्ही बाजूंना दुकानं. डोंगरावर लष्कराची हद्द आहे, ती त्यांची आहे आणि तशीच राहावी, निदान तेवढा मुरूम तरी उघडा राहतो. २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची मोठी शर्यत झाली, तिथं आत माती घालून, उंचवटे रचून ट्रॅक बांधला होता. हजारो लोक तिकीट काढून चिखलातल्या गाड्या बघायला आले. ज्या गावांच्या वेशीवर फुकट माती होती, तिथं आता ती ट्रकनं आणावी लागते. शर्यत मला आवडली. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, की खेळायला मोकळी माती असणं हे आपल्या शहराच्या आराखड्यात कुठंच धरलेलं नाही. बाग आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, पेव्हिंग ब्लॉक आहेत.

तरीही थोडी मोकळी माती उरली आहे. आळंदी ओलांडून मरकळच्या पुढं तुळापूरकडं निघालं की शेतांमधल्या पाणंदी लागतात. एका रविवारी मामा मागं बसून आले. पाणंदीच्या तोंडाशी त्यांनी मला उतरवलं आणि गाडी स्वतः घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पाठ धरलेली. उभे राहून, गुडघे टाकीला लावून ते त्या पाणंदीतून गेले आणि वळून परत आले. ‘ब्रेक मागचा ढिला आहे,’ एवढंच म्हणाले. खरंच ढिला होता. घरी आल्यावर आवळला.

ज्यांच्या जिन्याखाली, गोठ्यात, गच्चीवर अशी एखादी येझदी, राजदूत, लुना पडून आहे त्यांना एक विनंती. किलोच्या भावानं देऊ नका. आधी आरसी बुक शोधा, ते सगळ्यात आधी हरवतं. मग ज्यानं ती चालवली तो माणूस बोलता असेपर्यंत त्याच्याकडून काय काय बदललंय ते लिहून घ्या. आणि भोसरीत जाणार असाल तर गुरुवारी सकाळी जा.